घरचं दही

फुलपाडा, विरार (पूर्व)
१८ फेब्रुवारी २०२५

ती. वसुंधराताईंना नमस्कार.

तुम्ही आणि भावोजी बरे असाल. इकडे सलोनी सुधारतेय, कालपासून पेज पोटभर खाते. परेश आज कामावर गेला. फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडेन, तुम्ही रडाल आणि सांगायचं ते राहून जाईल.

मला तुमचा राग आलाय. नऊ दिवस झाले, कमी होत नाही.

सव्वा वर्षाच्या पोरीला दुधाची ॲलर्जी आहे हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. चौथ्या महिन्यात वरचं दूध दिल्यावर तिचे ओठ सुजले, तेव्हा दवाखान्यात तुम्हीच माझ्यासोबत होतात. तरी त्या रविवारी निर्मळला तुमच्या घरी, मी आत साडी बदलत होते तेवढ्यात, तुम्ही तिला दही भरवलंत. पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, मग उलटी, मग घशातून तो आवाज. रिक्षात परेश तिला हाका मारत होता आणि ती डोळे उघडत नव्हती. हॉस्पिटलात मांडीत इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे ती रडली.

आणि तुम्ही वॉर्डाच्या दारात उभं राहून काय म्हणालात? "अगं, डॉक्टरांनी तिला चांगल्या जंतूंची पावडर दिलीय ना? दह्यात तरी दुसरं काय असतं? घरच्या म्हशीचं होतं."

दुसरं बरंच काही असतं, ताई. ती पावडर दुधाचा अंश नसलेली, मुद्दाम निवडून दिलेली होती. तिने आतड्याला मदत होऊ शकते, काही बाळांची ॲलर्जी कदाचित लवकर जाते, पण खात्री नाही, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या. दह्यात जंतूंबरोबर दुधाचं प्रथिन असतंच, आणि सलोनीला सोसत नाही ते तेच. "दूध कधी द्यायचं ते इथे, आमच्यासमोर ठरेल. घरी बोटभरसुद्धा नको," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. जानेवारीत फोनवर वेगळंच सांगितलं. "पावडर लागू पडली, ताई. पोट फुगत नाही, गालावरचे चट्टे गेले. आता दूधही पचेल बघा."

तुम्ही विचारलंत, "काही देऊन बघितलंस का?"

मी म्हटलं, "नाही."

दिलं होतं. आदल्याच दिवशी, परेश बाजारात गेला असताना, बोट ताकात बुडवून तिच्या जिभेला लावलं. ओठांभोवती लाल पुरळ आलं. परेशने विचारलं तर म्हटलं, डास चावला. वर्षभर बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचून, प्रत्येक बारशाला तिला काखेत घट्ट धरून बसून मला वीट आला होता. पुरळ तासाभरात गेलं. म्हणजे पचलं, असं मी स्वतःला समजावलं, आणि तुम्हालाही तेच ऐकवलं.

हॉस्पिटलात मॅडमनी विचारलं, "याआधी घरी कधी काही दिलं होतं?" तेव्हाही मी नाही म्हटलं. परेश तुम्हाला, सख्ख्या बहिणीला, म्हणाला, "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." मी शेजारी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि जानेवारीतल्या फोनबद्दल एक शब्द बोलला नाहीत. त्याचाही मला राग आला. बोलला असतात तर मी सुटले असते.

काल मॅडमना खरं सांगितलं. त्या चिडल्या, पण कागदावर नोंद केली. आज सकाळी परेशला सांगितलं. तो डबा न घेता गेला.

मला न विचारता तुम्ही तिला भरवलंत, ते मी विसरणार नाही. पण दार एकट्या तुम्हालाच बंद व्हावं, हे मला चालणार नाही. परेश काहीही म्हणो, या रविवारी या. खायला काही आणू नका. माफी मागायला खरं तर मीच निर्मळला यायला हवं. ते अजून माझ्याने होत नाही.

तुमच्या आधी चुकलेली,
क्षितिजा