उशिराची चिठ्ठी

हिनोसावा स्टेशन, १४ नोव्हेंबर

ताईस युताकाचा नमस्कार.

मी बरा आहे. खोकला जवळजवळ गेलाय. तू पाठवलेलं मुळ्याचं लोणचं मी आणि स्टेशनमास्तर कुवाबारासाहेबांनी चार दिवसांत संपवलं.

बाबा रोज बूट घालून दारात बसतात आणि ऑफिसला उशीर झाला म्हणून रडतात, हे तू लिहिलेलं डोक्यातून जात नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, हे त्यांना किती वेळा सांगशील? मी रजा मागितली होती. पण स्टेशनवर आम्ही दोघंच, त्यामुळे नव्या वर्षाआधी जमणार नाही.

इथेही एक निवाआजोबा टाय लावून खिडकीशी येतात. गाडीला उशीर झाला की ऑफिसात दाखवायला आम्ही शिक्क्याची चिठ्ठी देतो, ती मागतात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आजोबा, आज गाडी अगदी वेळेवर होती." तर ते थरथरायलाच लागले. मागून कुवाबारासाहेब म्हणाले, "दे की रे. तुझ्या बापाचं काय जातंय?"

चिठ्ठी मिळताच आजोबा मला वाकून नमस्कार करून शांतपणे घरी गेले.

तुझी पाठ कशी आहे? झोप मिळते का?

इथून मला दुसरं काही करता येत नाही. सोबत दहा चिठ्ठ्या पाठवतोय. शिक्का खरा आहे, तारीख तेवढी तू घाल. आपल्या गावाला ही लाइन जातच नाही, हे बाबांच्या लक्षात आलं तर लगेच कळव, मला आनंदच होईल. तोवर त्यांना सांग, उशीर गाडीला झाला.

तुझा धाकटा,
युताका