नारळांचा सरवा

२१ सप्टेंबर, शनिवार

आज वॉचमनने मला सलाम केला. चुकून. वैजयंतीबाईंच्या मुलाचा जुना शर्ट घातला होता – पांढरा, इस्त्रीचा – आणि त्यांच्या कुत्र्याला फिरवून समुद्राकडच्या पुढच्या गेटने आत येत होतो. जवळ आल्यावर त्याने मला ओळखलं. वर गेलेल्या हाताने टोपी नीट केली आणि म्हणाला, "काय छोटे शेठ, मागचं गेट विसरले काय?"

कामाच्या माणसांनी मागच्या गेटने यायचं, असा या कॉलनीचा नियम. कुत्रा बरोबर असला की पुढचं गेट चालतं. म्हणजे मान कुत्र्याचा.

माझी खोली गॅरेजच्या वर आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. खोलीला एसी आहे, पण मी तो लावत नाही. लावला की बाबा डोळ्यांपुढे येतात, मेडशीच्या वावरात, भर उन्हात वांगी तोडताना. वैजयंतीबाई चांगल्या आहेत. टेबलाशी बसवून जेवायला घालतात. "तू आमच्यातलाच," म्हणतात. घास खाली सांडेल या भीतीने मी तिथे कमी जेवतो आणि खोलीत येऊन बिस्किटं खातो.

धुरपताबाई अंगण झाडत होत्या. त्या किन्हीराजाच्या, आईच्या ओळखीच्या. नवरा गेल्यावर कामासाठी इकडे समुद्रावर आल्या, इथल्या सात-आठ बंगल्यांची झाडलोट करतात. अकरावी अर्धी सोडून मी घरी बसलो होतो, तेव्हा त्यांनीच शब्द टाकून मला इथे लावून दिलं. आज लांबूनच म्हणाल्या, "काहून रे धीरज, जेवला काय?"

वैजयंतीबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. मी म्हणालो, "हो, माझं जेवण झालं."

त्यांनी झाडू थांबवला, माझ्याकडे पाहिलं. "सायेब झाला वं आमचा पोट्टा," असं स्वतःशीच म्हणून हसल्या.

एकटा असतो तर म्हणालो असतो – जेवलो न काकू, तुमी? दिवसभर ते मनात टोचत राहिलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आईचा फोन. सोयाबीन कापायला आलं आहे, मजूर मिळत नाहीत. "तू सावलीत हायेस न, बस झालं," म्हणाली. फोन ठेवला आणि कुत्र्यासाठी चिकन उकडायला ठेवलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारच्या बंगल्यातले नारळ आज पाडले. मालक परदेशात असतात. चावी वैजयंतीबाईंकडे, म्हणजे माझ्या खोलीतल्या खिळ्यावर. नारळवाले आले, झाडांवर चढले, टेम्पो भरला आणि गेले. मी गेट लावायला गेलो तर कुंपणाच्या झुडपांत काही नारळ तसेच पडलेले. त्यांनी परत येऊन पाहिलंही नसतं.

धुरपताबाई रस्ता झाडत होत्या. मी त्यांना हाक मारली. "काकू, सरवा पडला हाये. वेचून घ्या."

त्यांनी गेटमधून आत डोकावलं, पण पाऊल टाकलं नाही. "अठी सरवा असते काय बाप्पा? या लोकायचं आपल्याले मालूम नाई."

"माल काढून नेला ना त्यांनी. मागं राह्यलं ते वेचणाऱ्याचं. सडून जाईल नाहीतर."

"तू म्हणतं तं घेतो. तुले माहीत असंन. तू त्यायच्यात राह्यतं."

हे ऐकून मला बरं वाटलं होतं, हे लिहून ठेवतो.

आमच्याकडे याला कोणी विचारतही नाही. पीक कापून, काढून मालक बांधावर आला की वावर सगळ्यांचं. बाया येतात, राहिलेल्या शेंगा वेचतात, ओटीत भरून नेतात. कोणी त्यांना चोर म्हटल्याचं मी जन्मात ऐकलं नाही. मी गेट उघडून धरलं, झुडपं दाखवली. तेवढ्यात वैजयंतीबाईंनी आवाज दिला म्हणून घरात गेलो. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं – धुरपताबाई पदरात नारळ घेऊन निघाल्या होत्या. वर पाहून हात हलवला त्यांनी. खूश होत्या.

२८ सप्टेंबर, शनिवार

काय लिहू. 

कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला. धुरपताबाई, पदर भरलेला, भोवती लाल गोल. खाली इंग्रजीत पुष्कळ लिहिलेलं. त्यातला चोरी हा शब्द मला कळला. वैजयंतीबाईंनीच फोन माझ्यापुढे धरला. "बघ रे. इतकी वर्षं घरात घेतो आपण यांना."

फोटोत मी नाही. गेटही नाही. फक्त ती.

मॅनेजर गजेंद्र सरांनी ऑफिसात बोलावलं.

"चावी कुठे होती?"

"खोलीत. खिळ्यावर."

"मग ती आत गेली कशी?"

सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, सर, मीच उघडलं, आमच्याकडे अशी रीत आहे. तोंडातून निघालं ते हे – "नारळवाल्यांनी गेट उघडं टाकलं असेल."

सर म्हणाले, "हं. तीही तेच म्हणते. गेट उघडंच होतं म्हणे."

आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मी स्वतःला वाचवायला खोटं बोललो. ती माझ्यासाठी.

२९ सप्टेंबर, रविवार

माझं अक्षर चांगलं आणि शुद्धलेखन चोख, म्हणून फलकावरच्या मराठी सूचना गजेंद्र सर माझ्याकडून लिहून घेतात. आज लिहायला लावलं –

"सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की श्रीमती धुरपताबाई यांना गैरवर्तनाच्या कारणावरून कॉलनीत प्रवेश बंद करण्यात आला आहे."

लिहिलं. "श्रीमती" मी घातलं, सरांनी सांगितलं नव्हतं. तेवढंच काय ते माझं धाडस. एकही चूक झाली नाही. सर म्हणाले, "वा."

१ ऑक्टोबर, मंगळवार

मागच्या गेटपाशी धुरपताबाईंचा झाडू आणि बादली ठेवलेली होती. वॉचमन म्हणाला, "तुझ्या गाववालीचं सामान. घेऊन जातो काय, का फेकू?" मी म्हणालो, माझ्या गावची नाही ती.

किन्हीराजा आणि मेडशी ही दोन वेगळी गावं आहेत. म्हणजे मी खोटं बोललो नाही.

हे असं लिहिणारा माणूस मला आवडत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार. मेडशी.

सोयाबीनसाठी रजा मागितली. वैजयंतीबाईंनी लगेच दिली, वर बाबांसाठी काजूही दिले. अकोल्याहून एसटीने आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वावरं मोकळी होत होती. आमचंही बरंचसं झालं होतं. दोन दिवसांत माझ्या हाताला फोड आले. आई हसली. "सावलीतले हात," म्हणाली.

आज मळणी झाली. यंत्र बांधावर आलं, पोती उचलली आणि शेजारच्या वस्तीवरच्या बाया वावरात शिरल्या. बोलत, हसत, वाकून वेचत. एकीने बाबांना हाक मारली, "दौलतभाऊ, औंदा शेंगा लय गळाल्या तुमच्या!"

"तुमच्याच नशिबाच्या," बाबा म्हणाले.

धुऱ्याला, बांधालगतच्या कोपऱ्यात काही झाडं उभीच राहिली होती. मी सवयीने उपटायला गेलो. बाबांनी अडवलं. "राहू दे. आता ते आपलं नाई."

मी तिथेच बसून राहिलो. बाबांना वाटलं ऊन लागलं. पाणी आणून दिलं.

रात्रीच्या जेवणात आईने विचारलं, "धुरपता कशी हाये? तिचा फोन लागून नाई राह्यला." मी म्हणालो, बरी आहे, काम खूप आहे. आईने मुगाच्या वड्या बांधून दिल्या. "तिच्याच हातात दे. तिच्यामुळं तू मार्गी लागला. पंचफुलानं, मह्या मायनं, आठवण काढली म्हण."

मार्गी.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वड्या नसत्या तर गेलोच नसतो.

विचारत गेलो तेव्हा धुरपताबाई बंदराजवळच्या शेडमध्ये भेटल्या. कोळंबी सोलायला बसल्या होत्या, सगळ्या कोळी बायांत एकटी आपल्याकडची, नाकाला पदर बांधून. बोटं चिरलेली. मला पाहून उठल्या, हात धुतले, वास जात नाही म्हणून पुन्हा धुतले आणि मग पुडकं घेतलं. नाकाशी धरून उभ्या राहिल्या. मी दुसरीकडे पाहिलं.

"पह्यले लय उलट्या होत," म्हणाल्या. "आता नाई. तुहं कसं चालू हाये?"

मी म्हणालो, "काकू, मी सांगून देतो त्यांना. मीच गेट उघडलं म्हणून."

"काहून?"

"तुम्हाला चोर म्हणतात."

"मंग तुले म्हणतीन. त्यानं मह्यं काय धुतल्या जाते?" रागावल्या नव्हत्या. थकल्या होत्या. "तोंड बंद ठेव. तुह्या मायले मी शब्द देला होता, पोराले सांभाळीन म्हणून. एकीचं गेलं तेवढं बस."

शेजारची बाई काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. धुरपताबाईंना भाषा नीट कळली नसावी. त्याही हसल्या.

परत येताना माझं मन हलकं होतं. तिने नको म्हटलं, मग माझा काय दोष, असा विचार रस्ताभर. खोलीत येऊन आरशात पाहिलं तेव्हा कळलं की मी तिथे परवानगी मागायला गेलो होतो. गप्प राहण्याची.

आईला फोन करून सांगितलं, वड्या पोहोचल्या. "काय म्हणाली?" खूश झाली म्हणालो. हे मात्र खरं आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

वैजयंतीबाईंनी आणखी दोन बंगल्यांच्या चाव्या माझ्याकडे दिल्या. "हल्ली विश्वासाची माणसं कुठे मिळतात!" शेजारच्या बाईंना सांगत होत्या, मी ऐकावं अशा बेताने.

झाडायला नवी बाई आली आहे. लहानच आहे, रूपा नाव. सकाळी मला विचारत होती, "दादा, ही पारिजातकाची फुलं खाली पडलीत, देवाला नेऊ का?"

मी म्हणालो, नको. काही उचलू नकोस.

"पडलेलीच आहेत ना."

"पडलेलीसुद्धा नाही."

तिने ती झाडून कचऱ्यात टाकली. एवढं शहाणपण मी धुरपताबाईंना फुकटात देऊ शकलो असतो. मला तेव्हा ते नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात होतं ना? तिथे तर मला सगळं कळत होतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

उद्या सांगणार. मला काढतील, मग बाबांना काय सांगायचं तेही ठरवलं आहे. बॅग भरली. वैजयंतीबाईंच्या मुलाचे शर्ट धुऊन, घड्या घालून टेबलावर ठेवले. मला काढलं तर निदान धुरपताबाईंचं नाव तरी सुटेल. फलकावरची ती सूचना तरी निघेल.

२० ऑक्टोबर, रविवार

सांगितलं. सगळं. सरवा म्हणजे काय तेसुद्धा.

वैजयंतीबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "अरे, मला माहीत आहे. फोटो आला त्याच दिवशी गजेंद्रने कॅमेऱ्याची अख्खी क्लिप दाखवली होती. गेट तू उघडलंस, नारळ कुठे आहेत तेही तूच दाखवलंस."

मी विचारलं, मग मला का नाही काढलं.

"कोणाला तरी काढावंच लागतं, धीरज. सगळे बघत असतात. झाडायला कोणीही मिळतं रे. तू शिकलेला, घरातला." फलकाचं विचारलं तर म्हणाल्या, "आता तो विषय नको. चहा घेशील?"

त्यांनी माझा कप भरला. मी प्यालो.