शर्मिष्ठादींचा डबा

ती. आईस,

बालीगंजहून ऋताचा नमस्कार. पुरणपोळ्यांचा धंदा बरा चाललाय, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

एक विचारायचंय. समोरच्या बंगाली शर्मिष्ठादी म्हणजे माझं पहिलं गिऱ्हाईक. पोळ्यांचा डबा त्या कधी रिकामा परत पाठवत नाहीत, अगदी आपल्यासारखं. काल डब्यातून माशांची कटलेटं आली! मला वासही सहन होईना. तुझ्या जावयाने सगळी संपवली. खरं सांगावं तर गिऱ्हाईक तुटायचं, म्हणून मी मेसेज केला, "फारच छान झाली होती."

मग एकदम आठवलं, माझ्या पोळ्यांबद्दल त्याही दर वेळी एवढंच लिहितात.

आई, त्यांच्याकडे माझ्या पोळ्या कोण संपवत असेल गं?

तुझी गोंधळलेली,
ऋता