आईला सांगितलेलं महाबळेश्वर

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. डोंबिवली, संध्याकाळ

परवा मालदीवचं विमान आहे, आणि आईला अजून वाटतंय आम्ही महाबळेश्वरला चाललोय.

पाचवा महिना लागल्यापासून तिचं एकच, पोटुशीनं समुद्र ओलांडायचा नाही. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, असल्या गोष्टींवर तावातावाने भांडणारी. या वेळी भांडले नाही, सरळ खोटं बोलले. का? बाळ यायच्या आधी चार दिवस फक्त माझे आणि निनादचे असावेत, एवढंच हवं होतं. त्याने पाण्यावरची खोली घेतलीय, काचेच्या फरशीची.

आज आई शीळफाट्याहून रिक्षाने आली, माझ्यासाठी कानटोपी घेऊन. "तिकडं थंडी बाधते गं." निनादने हसू दाबलं. मला हसताच येईना. प्रवासाला हरकत नाही असं नौपाड्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, ते पत्र मी चार वेळा वाचलं. पण तिथे काही झालंच तर? आई मला चुकीच्या गावात शोधत बसेल. कानटोपी बॅगेत ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

शेवटी आत्ता फोन करून सगळं सांगितलं.

"कानटोपी घेताना तोंड नव्हतं तुला?"

"चुकले गं आई."

"जाऊ नको म्हटलं, तर राहशील?"

मी बॅगेतली कानटोपी काढून मांडीवर घेतली.

मग तिनं बेटाचं नाव विचारलं. माझ्यामागून दोनदा म्हणताना अडखळली. तिसऱ्यांदा नीट म्हणाली.