अर्ध्या इंचाचा पाना

सोमवार, १६ सप्टेंबर
शेतावरून

गॅलन,

तू बरा असशील. तुझ्या बायकोच्या, कॅरलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तिला माझी आठवण सांग. मी बरी आहे. मका अजून उभा आहे, पंधरा दिवसांत काढणीला येईल. पाऊस नाही, नुसता वारा. झाली विचारपूस.

आता मुद्द्याचं. शनिवारी तू वेंडलसमोर खोटं का बोललास?

फोन करू नकोस. दोनदा केलास, मी उचलला नाही. तिसऱ्यांदाही उचलणार नाही. फोनवर तू गप्प बसतोस आणि मला तुझा श्वास ऐकत बसावं लागतं. म्हणून लिहितेय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. आठवीत बाबांनी शाळेतून काढलं आणि फवारणीच्या विमानात औषध भरायला उभं केलं. पिंपांवर खडूने आकडे मांडण्यापलीकडे मला कधी लिहावं लागलं नाही. माझाच भाऊ तू, पण तू शिकलास. त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला की खोटं बोलताना तुझा चेहरा हलत नाही.

शुक्रवारपासून सांगते, म्हणजे नंतर तुला 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं म्हणायला जागा राहणार नाही.

विमानकसरतींच्या स्पर्धेआधी तपासणीच्या टेबलावर तू होतास. दरवर्षी तूच असतोस. स्वतः चौदा वर्षांत विमानात बसला नाहीस, पण लोकांच्या विमानांच्या शेपटीत बॅटरी मारून बघायला पहिला. माझी पाळी आली तेव्हा म्हणालास, "आर्डिस, खिसे रिकामे कर."

सगळ्यांनाच सांगतोस, माहीत आहे. नाणं, पेन, किल्ली, काही सैल घेऊन आकाशात उलटं व्हायचं नसतं, हे मला चालायला लागायच्या आधीपासून माहीत आहे. मी खिशांची अस्तरं बाहेर काढून दाखवली. मग तू हळू आवाजात विचारलंस, "हत्यारं मोजलीस?"

आणि मी रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी मोजते रे. तू मोजली असतीस तर बाबा जिवंत असते."

वेंडलच्या तोंडात कोलाचेचा घास होता, तो चावायचा थांबला. खसखस भरलेले गोड पाव ते, मीच भल्या सकाळी भाजून नेलेले. एवढा स्पर्धेचा मुख्य परीक्षक, पण बुटांकडे बघत बसला. आणि तू? कागदावर सही केलीस आणि म्हणालास, "पुढचं विमान आणा."

हेच तुझं मला सहन होत नाही. एक शिवी घालायचीस. टेबल उलटवायचंस. एवढ्या वर्षांत तू मला एकदाही उलट बोलला नाहीस. संताबरोबर भांडणं म्हणजे भिंतीला लाथ मारण्यासारखं आहे, दुखतं ते आपल्यालाच.

मी बोलले ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाबा याच स्पर्धेची तयारी करत होते, आपल्याच धावपट्टीवर. उभ्या गोल कोलांटीच्या, लूपच्या तळाशी विमानाचं नाक वर घ्यायला दांडा मागे ओढला, तो येईना. विमान मक्यात गेलं आणि पेटलं. चौकशीवाल्यांना दांड्याच्या मुळाशी अर्ध्या इंचाचा पाना अडकलेला सापडला, जळून काळा. आदल्या दिवशी शेपटीचं चाक तू बसवलं होतंस, वहीत सही तुझी होती. मग दुसऱ्या कोणाचं नाव कोण घेणार? आईनेही घेतलं नाही.

असो. शनिवार.

पहिल्या दिवशीच्या गुणांत मी सगळ्यांच्या वर होते. बाबांच्या नावाची ढाल क्लबने त्यांच्या मागे सुरू केली, ती मला एकदाही मिळाली नव्हती. या वर्षी मिळणार होती. मी धावपट्टीशेजारी डोळे मिटून हातांनी सगळा क्रम दोनदा उडवून पाहिला. मग वर गेले, आधी एकदा उलटी होऊन पट्टे तपासले. काही पडलं नाही. तीनदा पंख हलवून परीक्षकांना खूण केली आणि कसरतींसाठी आखलेल्या चौकटीत शिरले.

पहिल्या तीन कसरती अशा झाल्या की बाबांनीसुद्धा खोड काढली नसती. चौथीत मी उलटी असताना काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं आणि डोक्यावरच्या काचेवर टक् करून पडलं. पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रू ड्रायव्हर. मी सुलटी झाले आणि तो माझ्यामागे शेपटीकडे गेला.

तुझ्या तपासणीत तो नव्हता. शनिवारी सकाळी मी जाता जाता सीटचा एक स्क्रू आवळला होता. कोणी सांगितलं नव्हतं. हात शिवशिवतात माझे.

नियम पोरंही सांगतील. पंख हलवायचे, सोडून द्यायचं, उतरायचं. मी सोडलं नाही. अजून दोन कसरती केल्या. मागे तो इकडून तिकडे गडगडत होता, इंजिनच्या आवाजात ऐकू येणं शक्य नाही, पण मला येत होता. सहाव्या कसरतीत विमानाचं नाकाड खाली होतं, मी दांडा ओढला आणि दांडा अडला. पुढे जात होता. मागे येत नव्हता. खालचा मका आधी नुसता हिरवा दिसत होता, मग त्याच्या रांगा दिसायला लागल्या. मग एकेक धाट.

मी दांडा पुढे ढकलला. जमिनीकडे जाताना अजून जमिनीकडे. तेव्हा अडकलेला स्क्रू ड्रायव्हर कुठेतरी सुटला, आणि मी दांडा ओढला.

उतरले तर तू सगळ्यांच्या आधी धावत आलास. वय काय तुझं आता, पन्नास? पोट सुटलंय. शेपटीत कोपरापर्यंत हात घातलास, स्क्रू ड्रायव्हर काढलास आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकलास. वेंडल धापा टाकत आला. "काय झालं?"

"इंजिन खोकत होतं," तू म्हणालास. "प्लग बदलतो. तासाभरात उडेल."

सैल वस्तू निघाली की स्पर्धेतून बाहेर. इंजिन खोकलं तर पुन्हा उडायला मिळतं. मी पुन्हा उडले. ढाल जिंकले. फोटो काढले. तू जेवणाआधीच निघून गेलास.

तुला कोणी सांगितलं होतं? कोणी पाया पडलं होतं तुझ्या? त्या ढालीवर बाबांचं नाव आहे आणि ती तुझ्या थापेवर उभी आहे. ती मी


बुधवार

परवा कागद तसाच टाकून उठले. आज वाचला. वरचं सगळं खरं आहे, पण ते मुद्द्याचं नाही. मुद्द्याचं मी चौदा वर्षं लिहिलेलं नाही, तर सोमवारी कुठून लिहिणार?

बाबांचा कॉफीचा डबा तुझ्याकडे गेला नाही. आईच्या पश्चात मी ठेवला. आठवतो ना? बाबा वर जाऊन उलटे व्हायचे आणि काचेवर जे पडेल ते खिशात घालून आणायचे. एखादा नट, पेन्सिलीचं टोक, एकदा आईची केसांची पिन. ते डब्यात टाकून डबा जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवायचे. "कोणाचं?" जोवर कोणी 'माझं' म्हणत नाही तोवर आई वाढायची नाही. म्हटलं की संपलं. पुन्हा बोलणं नाही, मार नाही. सूप गार व्हायचं तेवढीच शिक्षा.

त्यांच्यामागे तीन महिन्यांनी चौकशीवाल्यांनी तो पाना पिशवीत घालून परत पाठवला. त्या रविवारी डुकराचं मटण होतं, आंबट कोबी आणि उकडलेल्या पिठाचे गोळे, डम्पलिंग. आईने पाना डब्यात टाकला, डबा मधोमध ठेवला आणि झारा हातात घेऊन उभी राहिली. ती तुझ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही. डब्याकडे बघत होती.

"कोणाचा?"

तू म्हणालास, "माझा."

आणि आईने वाढलं. मी डम्पलिंग तोडलं, रश्श्यात बुडवलं आणि खाल्लं. भूक लागली होती मला.

बाबा गेले त्या दिवशी सकाळी मी जाता जाता त्यांच्या विमानातल्या बॅटरीचा पट्टा आवळला होता. कोणी सांगितलं नव्हतं. पाना सीटच्या मागे ठेवला आणि ट्रकचा हॉर्न वाजला म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये माझ्या भिंतीसमोर उभी राहिले. बाबांनी त्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढून दिली होती, तुला तुझ्या भिंतीवर, मला माझ्या. माझ्या फळीवर अर्ध्या इंचाची आकृती रिकामी होती. मी गावातल्या दुकानात गेले नाही. चाळीस मैल गाडी हाकत गेले, जिथे मला कोणी ओळखत नाही तिथून नवा पाना आणला आणि खिळ्याला लावला.

तो पाना मी कधी वापरला नाही. बाकीचे सगळे काळे पडलेत, झिजलेत, एकाला दात राहिला नाही. तो एकटा चकाकतो. कोणीही बघितलं असतं तर कळलं असतं. तू जगाच्या शेपटीत बॅटरी मारत फिरलास, माझ्या भिंतीकडे बघितलं नाहीस.

असं मला शनिवारपर्यंत वाटत होतं.

शनिवारी तू तो स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकलास तेव्हा मी तुझं तोंड बघितलं. तुला आश्चर्य वाटलं नव्हतं गॅलन. तू माझ्याकडे बघितलंस आणि हळूच म्हणालास, "पुन्हा नाही, आर्डिस." मी म्हणाले, "जा, मर." पण तो शब्द घेऊन घरी आले. पुन्हा?

तू हत्यारं मोजणारा माणूस. लहानपणी जेवायला बसायच्या आधी काटेचमचे मोजायचास. बाबा गेले त्या संध्याकाळी तू तुझी भिंत मोजली नसशील? मोजलीस. सगळे पाने जागेवर होते. म्हणजे 'माझा' म्हणालास तेव्हा तो तुझा नव्हता हे तुला ठाऊक होतं. आणि तुझा नाही तर कोणाचा, हँगरमध्ये तिसरं कोण होतं?

कोणी मागितलं होतं हे? तुझं विमान विकलंस. नाताळला आईच्या टेबलावर अकरा वर्षं तुझं ताट नव्हतं आणि मी टर्की कापत होते. दवाखान्यात तिने तुझ्याकडे पाठ केली, मी तिची उशी नीट केली. तेव्हा तरी बोलायचंस! मी बोलले नाही, कारण मी भित्री आहे. तू का बोलला नाहीस? तू मला चौदा वर्षं माफ करत बसलास आणि मला कळूही दिलं नाहीस. ते ओझं मी वाहिलं नाही, ते माझ्या पाठीमागे वाहिलं गेलं. आणि त्याच तोंडाने मी तुला भर रांगेत बापाचा मारेकरी म्हणाले आणि तू सही केलीस.

ही माफी मागितलेली नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि मला ते चालणार नाही. आई परत येऊन तुला वाढणार नाही, मग तुझी माफी मी कशात बुडवून खाऊ?

काल ढाल घेऊन वेंडलकडे गेले. स्क्रू ड्रायव्हरचं सांगितलं. ढाल टेबलावर ठेवली. मग गेलेच होते म्हणून पान्याचंही सांगितलं. त्याने टोपी काढली, परत घातली. म्हणाला, "गॅलनला ठाऊक आहे?"

"माझ्या आधीपासून," मी म्हणाले.

खोटं बोललास म्हणून तो तुला एक वर्ष तपासणीच्या टेबलावर बसू देणार नाही. बरं झालं. आणि मला दोन वर्षं बंदी. तेही बरं झालं. रविवारी चर्चच्या तळघरात सुगीचं जेवण आहे, अख्खं गाव असेल. वाढायला सुरुवात व्हायच्या आधी मी उभी राहून सांगणार आहे. सूप गार होईल, होऊ दे. तू यायचं नाहीस. तू आलास तर मध्येच काहीतरी चांगलं बोलशील आणि सगळं पुन्हा तुझ्यावर ओढून घेशील. घरी बस.

पार्सलमध्ये डबा आहे. आत दोन पाने. काळा तोच, आईच्या कपाटात होता. चकचकीत तो मी विकत आणलेला. कॅरलला म्हणावं, डबा टेबलावर मधोमध ठेव आणि मी लिहिलेलं वाचून होईपर्यंत वाढू नकोस. तुझ्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला तर बघ.

माझा.

आर्डिस