ब्लॉक माझ्याकडे, हेडं रुलनकडे

मी, थोरा एल्डन जेप्सन, वय शहात्तर, धंदा पूर्वी लेथकाम आणि आता काही नाही, राहणार ग्रँट्सव्हिल, युटा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, कोणाच्याही दबावाखाली न येता, चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने आठ सिलिंडरांच्या कुठल्याही इंजिनाबद्दल मला काहीही विचारून बघावे. काळीज मात्र एका सिलिंडरने कमी चालते आहे असे डॉक्टरांचे म्हणणे, म्हणून ही घाई. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात लिहिले होते.

कलम पहिले. मला मूलबाळ नाही. राहते घर, मागची बाग आणि गॅरेज माझी पुतणी नेडिन, म्हणजे माझा दीर रुलन याची मुलगी, हिला द्यावे. घराचे तिने काय वाटेल ते करावे. गॅरेजमध्ये मात्र सोफा घालून बैठक करू नये. तिच्या नवऱ्याच्या डोक्यात तसे आहे, मला माहीत आहे.

कलम दुसरे. बँकेत जे आहे त्यातून माझा अंत्यविधी करावा आणि उरेल ते गावच्या वाचनालयाला द्यावे. अंत्यविधीनंतरच्या जेवणात चीज घातलेले बटाटे असावेत. गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली नसावी. चर्चच्या बायका ती आणतीलच. आणू द्यावी, पण माझ्या जवळपास ठेवू नये.

कलम तिसरे. कॉफीचे भांडे आमच्या बिशपांना द्यावे. आमच्या धर्मात कॉफी वर्ज्य आहे हे त्यांनी मला वीस वर्षे सांगितले आणि दर वेळी माझ्या फडताळाकडे पाठ करून सांगितले. भला माणूस आहे.

कलम चौथे. लेथ, ड्रिल आणि मापाची सगळी हत्यारे नेडिनला. लेथ मी युद्धानंतर ऑग्डनच्या विमान डेपोतून मोडीत घेतले. त्याच डेपोत मी बायकांच्या पाळीत सिलिंडर घासायला शिकले आणि तिथेच एल्डन जेप्सनने मला, इतकी सरळ भोके तुम्ही पाडता तरी कशी, असे विचारून लग्नाचा विषय काढला होता.

लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हरसुद्धा नेडिनलाच. त्याने मी स्क्रू क्वचितच पिळले. चालू इंजिनाला त्याचे टोक टेकवायचे आणि मूठ कानाच्या हाडावर दाबायची, म्हणजे आत काय दुखते आहे ते ऐकू येते. आधी ऐकावे, मग बोलावे. जेप्सनांच्या घरात हे उलटे चालते.

कलम पाचवे. एल्डनचे चामडी शिरस्त्राण माझ्याबरोबर पुरावे. ते कुठे आहे हे नेडिनला ठाऊक आहे. १९५१च्या उन्हाळ्यात, गाड्यांच्या वेगाचे विक्रम मोजतात त्या मिठाच्या मैदानावर, पुढचे टायर फुटले आणि गाडी लोळत गेली तेव्हा ते त्याच्या डोक्यावर होते. शिरस्त्राणाला ओरखडासुद्धा नाही. त्याचा मला फार वर्षे राग होता. आता नाही. एल्डनची आठवण मात्र रोज येते, हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मी ते कधी कोणाला सांगितलेले नाही.

कलम सहावे. इंजिन.

गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जो ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे धड, आहे तो जुन्या फोर्डच्या आठ सिलिंडरी फ्लॅटहेड व्ही-एटचा. एल्डनने तो दुधाच्या गाडीतून काढून आणला. सिलिंडर मी घासून रुंद केले, पिस्टन मी बसवले. एल्डन गेला त्या गाडीत हेच इंजिन होते आणि त्याला काही झाले नव्हते. त्यानंतर त्याचा धाकटा भाऊ रुलन माझ्याकडे आला आणि म्हणाला, दादाचे काम अर्धे राहिले आहे. रुलनने मोडीतले पिस्टन परसात वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून, दोन्ही बाजूंची ॲल्युमिनियमची हेडं, म्हणजे सिलिंडरांवर बसणारी झाकणे, स्वतः घडवली. त्यांचे पोट त्याने माझ्या पिस्टनांच्या मापाने कोरले. दुसऱ्या ब्लॉकवर ती बसवाल तर पिस्टन डोके आपटून घेतील, आणि या ब्लॉकवर दुसरी हेडं बसवाल तर इंजिन दुधाच्या गाडीसारखेच पळेल.

१९५३च्या ऑगस्टमध्ये रुलनने ते इंजिन घातलेली गाडी मिठावर अशी पळवली की तसल्या गाड्यांच्या वर्गातला विक्रम मागे पडला. पण मिठावर एका धावेला किंमत नसते. गाडी रात्रभर कुंपणात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळवतात. दोन्हींची सरासरी धरतात, तेव्हा विक्रम. सकाळी इंजिन गरम करताना मी स्क्रूड्रायव्हर लावला. खालून, एका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगजवळून, बारीक खडखड ऐकू आली. मी रुलनला सांगितले. त्याने स्वतः ऐकून बघितले आणि म्हणाला, काही नाही. रांगेत आमचा नंबर आला तेव्हा मी डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून आतला रोटर काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्यावाचून ठिणगी पडत नाही. आमची पाळी गेली, विक्रमही गेला.

तेव्हा रुलन सगळ्यांसमोर मला जे बोलला ते असे: "वहिनी, तुम्ही खडखड ऐकली नाहीत. तुम्ही दादाला ऐकलंत."

त्या हिवाळ्यात तो गॅरेजमध्ये आला, आपली दोन्ही हेडं बोल्ट खोलून काढली, घोंगडीत गुंडाळली आणि घेऊन गेला. तेव्हापासून ब्लॉक माझ्याकडे आणि हेडं त्याच्याकडे. गावात याची चेष्टा झाली. अजून शनिवारी सकाळी हॉटेलात म्हातारे जमतात आणि कोणाचे इंजिन कसे पळाले होते यावर पॅनकेक गार करतात. तिथे आमची गाडी दर वर्षी पाचेक मैलांनी जोरात पळते आणि माझा खिसा दर वर्षी मोठा होतो.

रुलनबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बर्फ पडला की तो येतो, माझ्या दारापासून रस्त्यापर्यंत वाट मोकळी करतो आणि जातो. दार वाजवत नाही. मी खिडकीत उभी राहते. तो मान हलवतो, मी मान हलवते. इतकी वर्षे आमचे बोलणे एवढेच.

त्या ब्लॉकचा खालचा ऑइल पॅन, जो काढला की ती बेअरिंगे दिसतात, मी आजवर उघडलेला नाही. सगळे बोल्ट माझ्या हाताच्या अंतरावर होते. बेअरिंग खराब निघाले तर मी खरी. चांगले निघाले तर रुलन खरा, आणि मग मी एका भल्या माणसाचा विक्रम एल्डनच्या भीतीपायी बुडवला. बघायचा धीर मला झाला नाही.

म्हणून मी असे लिहिते की, माझ्या पश्चात तो पॅन रुलन, नेडिन आणि साक्षीदारांसमोर उघडावा आणि बेअरिंग रुलनच्या हातात द्यावे. काय निघेल ते त्याला कळू दे. त्यानंतर ब्लॉक रुलनचा. संग्रहालयाचे गृहस्थ दोनदा येऊन गेले. त्यांना इंजिन काचेच्या पेटीत, आत तेलाचा थेंब न ठेवता मांडायचे आहे. त्यांना देऊ नये.

कलम सातवे. हे कलम त्याच दिवशी दुपारी लिहिले आहे.

सकाळी बर्फ पडला होता. साक्षीदार यायचे होते म्हणून नेडिन आधीच आली होती, आणि तिने बाहेर फावडे मारणाऱ्या बापाला, आत कशाची तयारी चालली आहे ते सांगितले. रुलनने दार वाजवले. बूट उंबऱ्याबाहेर काढून, मोज्यांनी आत आला, हातमोजे टेबलावर ठेवले आणि विचारले, "कुठं सही करायची, वहिनी?"

मी म्हटले, "तुझी सही चालत नाही."

"का? मीही अजून शुद्धीवर आहे."

"ज्याला काही मिळायचं असतं त्याला साक्षीदार करत नाहीत."

तो खुर्चीत बसला. मी कॉफी ओतली आणि त्याने ती घेतली, तीही नेडिनच्या देखत. कप खाली ठेवून त्याने विचारले, "ब्लॉक?" मी होकारार्थी मान हलवली. मग मी कलम सहावे त्याच्यापुढे सरकवले. तो ओठ हलवत वाचतो, त्यामुळे कुठवर आला ते मला कळत होते. पॅन उघडण्याच्या ओळीवर तो थांबला. मी म्हटले, तुला बघायचे असेल तर आत्ताच बघू, पाना खिळ्याला लटकलेला आहे.

तो म्हणाला, "तुम्ही काय ऐकलंत ते राहू द्या. मी म्हातारा झालो, वहिनी. दादा झाला नाही."

नेडिन उठून सिंकपाशी गेली आणि विनाकारण कप धुऊ लागली.

सबब, कलम सहाव्यातील पॅन सर्वांसमोर उघडण्याची आज्ञा मी रद्द करीत आहे. जुनी बेअरिंगे नेडिनने न बघता, फडक्यात धरून काढावीत आणि एल्डनच्या शिरस्त्राणात घालून माझ्याबरोबर पुरावीत. नवी बसवावीत. ब्लॉक रुलनला द्यावा, आणि त्याच्याबरोबर माझ्या जुन्या कोटाच्या डाव्या खिशातला रोटरही. हेडं त्याच्या गाडीत मागे घोंगडीत बांधलेली आहेत. आज सकाळी तो ती का घेऊन निघाला होता, हे मी विचारले नाही.

हे इंजिन पुन्हा मिठावर न्यावे. कोणी चालवायचे ते रुलन आणि नेडिनने ठरवावे. आधी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकावे. काही ऐकू आले तर घरी आणावे, आणि त्यावरून कोणी कोणाशी अबोला धरू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि माझ्या राजीखुशीने खाली सही केली.

थोरा एल्डन जेप्सन

साक्षीदार:
१. व्हर्ल हॅच, शेजारी
२. आयोना ब्रॉडबेंट, टपाल कचेरीतून निवृत्त

स्थळ: ग्रँट्सव्हिल, युटा
दिनांक: १२ फेब्रुवारी १९९४

टीप: सहीच्या वेळी रुलन जेप्सन हजर होता. त्याची सही मुद्दाम घेतलेली नाही.