ओटीवर न वाचलेलं पत्र

कुंभिवली,
९ नोव्हेंबर १९८६

चि. जया हिस बुधाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी करून तू भिसेगावी सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. आपला रेडिओ-दुरुस्तीवाला गजा मला पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. ते म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. सध्या समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. काही जणांच्या बाबतीत ही सोयच आहे.

तुझी पत्रं आता पोस्टातल्या विमलबाई वाचून दाखवतात, आणि हेही त्याच लिहीत आहेत. वाचायला लागल्या की शेजारच्या धोंडूबाई, मोतीबाई कामं टाकून ओटीवर येऊन बसतात. तुझा खोकला आधी गावाला कळतो, मग मला. त्याची तक्रार नाही. पण जेवण झाल्यावर तुझं पत्र खिशातून काढून पुन्हा एकट्याने वाचायचो, ते गेलं. त्याचं फार वाईट वाटतं.

एक गंमत सांगतो. गजाच्या दुकानात दुरुस्तीचा टीव्ही चालू होता. मध्येच चित्र गेलं आणि काळ्या पडद्यावर ढळढळीत पांढरी अक्षरं आली. मान तिरकी करून मी वाचलं, ‘व्यत्यय’. बाकीचे चिडले, मी एकटा खूश. वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भाजू, पोपटीला ये.

तुझा बाबा

ता. क. हे मी, विमल, माझ्या मनाने लिहिते. खोपोलीचं एक स्थळ आहे. बिजवर आहे, पण माणूस शांत. बाबांना काही सांगितलेलं नाही.


भिसेगाव, कर्जत,
१४ डिसेंबर १९८६

तीर्थरूप बाबांस जयाचा शि. सा. न. वि. वि.

आधी विमलबाईंना: स्थळाबद्दल आभारी आहे. शांत माणसाला शांतच राहू द्या.

बाबा, तुमचं पत्र आल्यापासून चैन नव्हतं. जाड कुंचल्याने वर्तमानपत्राच्या रद्दीवर पत्र लिहून पाहिलं. एका कागदावर दोन शब्द मावले. ‘तीर्थरूप बाबांस’ लिहूनच दमले. शिवाय कागदावरचं तुम्हाला करड्यावर करडं दिसतं. मग तुमच्या त्या ‘व्यत्यय’वरून सुचलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून मी एक छोटा कॉम्प्युटर आणला आहे. भिऊ नका, पाटीएवढाच आहे. एक कळ तुटली होती म्हणून स्वस्तात मिळाला. टीव्हीला जोडला की टाइप केलेलं पडद्यावर उमटतं. वीज गेली की त्याला काही म्हणता काही आठवत नाही, म्हणून सगळं साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवून ठेवायचं. तीच कॅसेट तुमच्याकडे आली आणि तिथेही असं यंत्र असलं, की माझं पत्र तुमच्या पडद्यावर हाताएवढ्या अक्षरांत उमटेल. अडचण एवढीच की त्याला मराठी येत नाही.

पण मी हे करणार आहे. मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, फक्त तुम्हाला. दिवाळीत तेवढ्यासाठीच आले होते, पण समोर बसले की तोंडाला कुलूप लागतं. लिहिता येईल, पण तुम्ही स्वतः वाचणार असाल तरच. ओटीवर वाचण्यासारखी ती नाही.

तुमची,
जया


कुंभिवली,
२२ फेब्रुवारी १९८७

चि. जया हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओटीवर वाचण्यासारखी गोष्ट नाही, हे तू लिहिलंस आणि तेच ओटीवर वाचलं गेलं. तेव्हापासून गावाला दुसरा धंदा नाही. धोंडूबाईंच्या मते तुला शाळेतल्या नोकरीवरून काढलं. मोतीबाई म्हणतात, दुखणं आहे. मी रोज टपालाच्या वेळी ओटीवर येऊन बसतो. दुखणं नाही एवढं तरी कार्डावर कळव.

तुझ्या त्या पाटीची हकिकत ऐकून मला माझा रेडिओ आठवला. तुझा जन्म नव्हता झाला. मुंबईला गोदीत होतो तेव्हा एका पारशी मेकॅनिकने मला रेडिओच्या जोडणीचा नकाशा उतरवून घेऊ दिला. भंगारातून भाग जमवले. गावात दुसरा रेडिओ नव्हता, म्हणून तारा ओढून आळीतल्या घरोघर एकेक कर्णा बसवला. तुझी आई भात कांडता कांडता भावगीतं ऐकायची आणि गाणं आवडलं नाही की कर्ण्यावर सूप पालथं घालायची. नकाशा मी पडवीच्या भिंतीवर कोळशाने काढून ठेवला होता. पार चौक गावापर्यंतची पोरं येऊन उतरवून नेत. ते दिवस गेले, पण तारांना कथलाचा डाग द्यायचं बोटांना अजून येतं. यंत्राचा नकाशा मिळत असेल तर पाठव. गजा बघेल, मी जोडीन.

तुझा बाबा

ता. क. मी वाचते ते लोक ऐकतात, यात माझा काय दोष? विमल.


भिसेगाव,
१७ मे १९८७

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

माझी प्रकृती ठणठणीत आहे आणि नोकरीही शाबूत आहे. ओटीवर तसं जाहीर करावं.

मराठी अक्षरं तयार झाली. कशी, ते ऐका. यंत्राला अक्षर म्हणजे नुसते ठिपके. कुठला पेटवायचा, कुठला विझवायचा, तेवढंच त्याला कळतं. मी रात्रंदिवस चौकटीच्या वहीत डोकं घालून बसले होते आणि ‘क’ काही केल्या ‘क’ दिसेना. शेजारच्या जनाकाकू साखर मागायला आल्या, वही बघून म्हणाल्या, अगं ही तर सोळा ठिपके सोळा ओळींची रांगोळी, एवढं काय त्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आळीतल्या बायका गोळा केल्या. भाताच्या आवणीला सगळे मिळून इर्जिक करतात तसं माझ्या अंगणात अक्षरांचं इर्जिक झालं. बायका जमिनीवर ठिपक्यांत अक्षरं काढत होत्या, आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक जैतू आगिवले लांब उभं राहून कुठलं वाचता येतं ते सांगत होते आणि मी ते वहीत उतरवत होते. जनाकाकूंनी ‘ळ’ला कमळाची पाकळी काढली होती, ती मोठ्या मिनतवारीने पुसायला लावली. मी शिजवलेला मसालेभात खालून लागला. आगिवले सरांनी नावं न ठेवता दोनदा मागून घेतला.

नेरळला एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडेही असंच यंत्र आहे. त्यांनी अक्षरं मागितली, मी कॅसेट भरून दिली. विकत दे म्हणणारेही भेटले, पण अंगणभर बायकांनी फुकट काढलेली अक्षरं मी कशी विकू? नेरळकरांनी महिन्याभराने तीच अक्षरं परत पाठवली, जोडाक्षरं घालून, आणि सोबत यंत्राचा नकाशा आणि भाग बसवायची रिकामी सर्किटची पाटीसुद्धा. ती आणि सुटे भाग आगिवले सर रविवारी गजाच्या दुकानात पोचवतील. ते वाटेवरचेच, माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतले आहेत.

तुमची,
जया

ता. क. वाटेवरचे म्हणजे अगदी वाटेवरचे नाहीत. पण येतो म्हणाले.


कुंभिवली,
६ सप्टेंबर १९८७

चि. जया हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

यंत्र चालू झालं. गजाने एक भाग उलटा बसवून धूर काढला, मग मी त्याला बाजूला बसवून चाचपत चाचपत एकेक डाग दिला. पडदा उजळला तेव्हा गजा रडला; मी नाही, असं लिहायला सांगतो. कळा ओळखू याव्यात म्हणून त्याने त्यांवर भाताचे दाणे चिकटवले आहेत. कोंबडी दोनदा टेबलावर चढली.

पण त्याआधी एक फजिती झाली. तुझी पहिली कॅसेट आली तेव्हा यंत्र तयार नव्हतं. कॅसेट आहे म्हणजे जयाचा आवाज असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. गजाचा टेप ओटीवर ठेवला, बायका पुढे सरसावून बसल्या, आणि आतून अशी किंकाळी निघाली की मोतीबाईंचं नातवंड दचकून उठलं. कर्कश, न थांबणारी. धोंडूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. त्यात ‘क ख ग’ होतं हे नंतर पडद्यावर बघितलं. मी ते सबंध वाचलं, बाराखडीसकट.

म्हणजे आता तुला लिहायला हरकत नाही. यंत्र आणि गजाने दिलेला जुना टीव्ही माझ्या खोलीत आहेत.

तुझा बाबा

ता. क. बाबांना आता माझी गरज नाही, याचा आनंदच आहे. पण जया, तुझी पत्रं वाचताना मलाही आपलं कोणी लिहितंय असं वाटायचं. कधी एखादं कार्ड मलाही टाक. विमल.


(कॅसेटवरून)
भिसेगाव, ४ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप बाबा, सा. न.

पडद्यावर थोडंच मावतं, म्हणून लांबण लावत नाही.

मला जैतू आगिवले यांच्याशी लग्न करायचं आहे. आपण आगरी, ते आदिवासी, ठाकर. गाव काय म्हणेल, ते मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणाल ते माहीत नाही, त्याचीच भीती वाटते.

ते चांगले आहेत. मी चिडले की गप्प बसतात, आणि मग मीच हसते. आई असती तर तिला आधी सांगितलं असतं.

तुम्ही नाही म्हणालात तरी मी लग्न करीन. पण मग मला कुंभिवली राहणार नाही, आणि ते मला सोसणार नाही.

हे दुसऱ्या कोणी वाचण्याआधी तुम्ही वाचावं, एवढंच हवं होतं.

जया


(कॅसेटवरून)
कुंभिवली

जया,

हे मी चाचपून लिवतोय. येक येक अक्षर. कोनी सांगत नाय, कोनी सुदारत नाय.

मला राग आला. लगनाचा नाय. दिवाळीला समोर बसून जेवलीस आन बोलली नायस, त्याचा. बापाला भ्यालीस. मी कंदी हात उगारला का गं तुज्यावर?

खोटं कशाला सांगू, लगनाचा पन थोडा आला. भावकी काय बोलंल ते मीच मनात बोलून घेतलं. मंग तुजं पत्र परत लावलं. परत वाचलं. तू लिवलंस, कुंभिवली राहनार नाय. तितं मला पुडलं दिसंना.

तुजा जैतू यंत्राचे भाग घेऊन आलता तवा गजाच्या दुकानात बसलेलो मी. चा पिऊन कप सवता धुतलान त्यानं. त्याला वाटलं आसंल, आमी धुवायला लावू. मी काय बोललो नाय. तवा बोलायला पायजे होतं.

आता बोलतो. सांजचं समदी ओटीवर येतील. त्यांना मी सवता सांगनार, मोठ्यानं, की माजी जया लगीन करते, आन कुनाशी ते पन.

मंग तुमी दोगं या. कप आमी धुऊ.

बाबा